लाल चिंधीचं टोक

फेस्टी मल्करिन आणि बार्टली जॉइस यांच्यात पाच महिने एक शब्द नव्हता, आणि नांगरणी तर तोंडावर आली होती.

नांगराला घोडे लागतात दोन. फेस्टीकडे होती एक, करडी रोझी. शेताच्या दगडी गडग्यापलीकडे बार्टलीकडे होता एक, तांबूस मेजर. बावीस वर्षं दोघांची सावड चालू होती. नांगर बार्टलीचा, घोड्यांचा साज फेस्टीचा. घोडे जुंपायचे आणि त्यांच्या तोंडाशी चालत त्यांना न्यायचं, हे काम बार्टलीचं. मागे नांगराच्या मुठी, रुमणी, धरून तासाची चरी सरळ ठेवायचं काम फेस्टीचं. आधी एकाचं शेत, मग दुसऱ्याचं. आख्ख्या गावात इतकं सरळ तास कुणाचं पडत नाही, असं फेस्टी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

सांगण्याची ही खोडच नडली. नोव्हेंबरात लोहाराच्या भट्टीपाशी पाचसहा जण शेकत बसले होते. रोझी तीन वर्षांपूर्वी बर्फावर घसरली होती, मागचा पाय चांगलाच दुखावला होता. फेस्टी तेव्हा पंधरा दिवस तबेल्यात झोपला होता. पण त्या दिवशी भट्टीपाशी तो म्हणाला, "पडूनसुद्धा माझी घोडी आहे तशी आहे. मेजरपेक्षा वरचढ ओढते. मेजर काय, मिरवायला बरा."

त्यावर बार्टली, जो वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचा, एकदम बोलून गेला. "तुझी घोडी तीन वर्षं नुसती हवा खायला येते, लेका. ओढतो मेजर."

सगळे खो खो हसले. लोहाराच्या हातातला सांडसासुद्धा हलला. फेस्टी ताडकन उठला आणि चालता झाला. टोपी तिथेच खुंटीवर राहिली. ती आणायला परत जाणं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून तेव्हापासून तो सासऱ्यांची जुनी हॅट घालत होता. ती त्याच्या कानांवरून खाली उतरत असे.

गुरुवारी सकाळी तो बूट चढवत होता, तेवढ्यात त्याची बायको डेलिया दुकानातून बातमी घेऊन आली.

"बार्टली शनिवारी मेजरला बाजारात नेतोय. विकायला."

फेस्टीच्या हातातली बुटाची नाडी हातातच राहिली. "कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. पुढच्या वर्षीपासून पुतण्याचा ट्रॅक्टर आणणार आहे म्हणे. आज आपलं शेत, उद्या त्याचं, मग झालं. दिवसभर त्याच्या मागे चालणार आहेस. एक शब्द बोललास तर जीभ झडणार नाही तुझी."

"त्यानं सुरू केलं, त्यानंच मिटवावं."

"बरं. मग रोझीला गाडीला जुंप आणि मला चर्चला मिरवत ने आयुष्यभर. एका घोड्यानं काही नांगर हलत नाही."

फेस्टी पुन्हा नाडी बांधायला लागला. त्याला नांगराची काळजी होतीच, पण तेवढीच नव्हती. या पाच महिन्यांत त्याला करमलं नव्हतं. संध्याकाळी गडग्यावर कोपरं टेकून उभं राहिलं की पलीकडे तशीच टेकलेली दुसरी कोपरं नसत. पण हे तो डेलियाला सांगणार नव्हता.

अंगणात मेजरच्या टापा वाजल्या. बार्टली वेळेवर आला होता, तसाच, जसा बावीस वर्षं येत होता. फक्त त्यानं आज नमस्कार केला नाही, गडग्याकडे बघून उभा राहिला. नांगर घसरगाडीवर होता आणि त्यावर ओढायची आडवी दांडी. तिच्या दोन टोकांना दोन घोडे आणि मधे खिळीनं अडकवलेला नांगर, अशी ती रचना.

बार्टली हात घालणार एवढ्यात फेस्टीनं दांडी उचलली. "रोझी," तो आपल्या घोडीला मोठ्यानं म्हणाला, "आज मी जुंपणार. कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू दे."

बार्टलीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

दांडीला मधोमध एक भोक होतं आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक. बावीस वर्षांत फेस्टीनं ती कधी हातात घेऊन पाहिली नव्हती. आता पाहिली, आणि त्याचे डोळे चमकले. मधलं भोक गंजानं भरलेलं होतं. कडेचं एक मात्र झिजून चमच्यासारखं लखलखत होतं. म्हणजे खिळी मधे नसायचीच! दांडीची लांब बाजू ज्याच्याकडे, त्याला ओझं हलकं. आखूड बाजू ज्याच्याकडे, त्याला जड. हे त्याला त्याच्या बापानं सातव्या वर्षी शिकवलं होतं. बार्टलीनं मेजरला हलकी बाजू दिली होती आणि वर रोझीला हवा खायला येते म्हणत होता. चोर सापडला या आनंदात त्याला त्या क्षणी भूकसुद्धा लागली.

त्यानं मधल्या भोकातला गंज खिळ्यानं कोरून काढला आणि खिळी तिथे ठोकून बसवली. मग दोन पावलं मागे सरून बार्टलीकडे बघितलं.

बार्टलीनं खिळीकडे पाहिलं. मग मेजरच्या मानेवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "मेजर, आज तुला आराम आहे बरं का."

'चोरी पकडली म्हणून टोमणा मारतोय,' फेस्टी मनात म्हणाला.

नांगरणी सुरू झाली. माती छान सुकलेली होती, फाळ साखरेत चमचा जावा तसा जात होता. मागून समुद्रपक्ष्यांचा गलका सुरू झाला. न बोलता नांगरणं मात्र भलतंच अवघड निघालं.

"रोझी, पुढचा जो माणूस आहे ना, त्याला सांग, गडग्यात नेऊन घालू नकोस आम्हाला."

"मेजर, मागच्याला सांग, डावीकडे खडक आहे. गेल्या वर्षी फाळ त्यावर त्यानंच मोडला."

"रोझी, त्याला विचार, वर्षभर झोपला होता का? खडक काढायचा कुणी?"

"मेजर, शेत कुणाचं आहे, ते विचार."

आपलं नाव ऐकलं की मेजर थांबायचा आणि रोझी चालायला लागायची. दर वाक्याला नांगर तिरका व्हायचा. शेताच्या कडेला डेलिया पाव आणि चहा घेऊन आली होती. ती एप्रनच्या टोकानं तोंड दाबून हसत होती.

दहा तासं नांगरून झाली आणि फेस्टीला रोझीची चाल बदलल्यासारखी वाटली. दांडीचं तिच्याकडचं टोक सारखं मागे पडत होतं. मानेवरचा घाम फेसासारखा पांढरा झाला होता आणि मागचा पाय ती आखडून टाकत होती, तोच, दुखावलेला. मेजर मात्र कोरडा ठणठणीत.

पुढे बार्टलीची पावलं हळू झाली. प्रत्येक वळणावर तो जास्त वेळ थांबायला लागला. "मेजरला दम लागलाय," तो हवेला म्हणायचा.

मेजरच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

चौदाव्या तासाच्या मधोमध फेस्टीनं रुमणी सोडली आणि घोड्यांच्या मधे जाऊन दांडीपाशी गुडघ्यावर बसला. मेजरकडच्या टोकाला एक लाल चिंधी बांधलेली होती. दांडी उलटीसुलटी जोडली जाऊ नये म्हणून बार्टलीनं ती कधीच्या काळी बांधली असणार; मागून ती कायम मेजरच्याच बाजूला दिसायची. सकाळी फेस्टीनं भोकं बघितली होती, चिंधी बघितली नव्हती. रागात माणसाला जे हवं तेच दिसतं.

लखलखीत भोक चिंधीच्या बाजूला होतं. मेजरच्या बाजूला. म्हणजे आखूड बाजू मेजरची, लांब बाजू रोझीची. तीन वर्षं मेजर स्वतःचं ओढत होता आणि वर रोझीचंही. कुणाला न सांगता. आणि भट्टीपाशी फेस्टी त्यालाच मिरवायचा घोडा म्हणाला होता, बार्टलीच्या तोंडावर, गावासमोर.

फेस्टीला इतकी लाज वाटली की हॅट डोळ्यांवर आली ती त्यानं तशीच राहू दिली. मग तो उठला आणि रोझीला नाही, मेजरला म्हणाला.

"मेजर. मी भट्टीपाशी जे बोललो ते खोटं होतं. तुझा मालक खरं बोलला. तू माझी घोडी तीन वर्षं सांभाळलीस आणि मला कळलं नाही." त्यानं मेजरची आयाळ सारखी केली. "शनिवारी तू गेलास तर माझं शेत पडीक राहील, ते राहू दे. पण गडग्यावर मी एकटा उभा राहून काय करू, ते मला कुणी सांगितलेलं नाही."

मेजरनं कान हलवले. बार्टली घोड्याच्या मानेआड उभा होता, त्याचे नुसते बूट दिसत होते.

"रोझी," बार्टली शेवटी म्हणाला, "मी त्याला खरंच विकणार होतो. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, सावड तुटली. एकटा घोडा घेऊन मी तरी काय करायचं?" एवढी वाक्यं त्यानं वर्षभराच्या शिलकीतून काढली होती. "आणि भट्टीपाशी मी बोलायला नको होतं. तुझा पाय पाहून मीच भोक बदललं होतं. केलेलं बोलून दाखवायचं नसतं."

फेस्टीनं दगड घेतला, खिळी ठोकून बाहेर काढली आणि झिजलेल्या भोकात बसवायला गेला. खिळी तिरकी जात होती. एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली.

बार्टली वळसा घालून आला, त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि दांडी धरली. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं घडी घातलेली टोपी काढली. फेस्टीची टोपी. पाच महिने तिथेच असणार ती, घडी पक्की बसली होती. त्यानं सासऱ्यांची हॅट उचलून मातीत ठेवली आणि टोपी फेस्टीच्या डोक्यावर दाबून बसवली.

"दगड उलटा धरलायस, मूर्खा," तो म्हणाला. घोड्याला नाही. फेस्टीला.

पाच महिन्यांत फेस्टीला कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं. डेलिया म्हणायची, पण ते वेगळं.

"मला शिकवू नकोस," फेस्टी ओरडला, आणि हसू आवरेना म्हणून त्यानं दगड सुलटा धरून खिळीवर जोरात हाणला.