गुंडुरावाच्या गाठीचा रंग

गुंडुरावानं रंगवलेलं एक लुगडं श्रीरंगपट्टणला कावेरीत धुताना हातातून सुटलं, तर थेट तलकाडपर्यंतची वाळू लाल झाली. तिथल्या पुजाऱ्यांनी तेवढा महिना कुंकू विकत आणलं नाही. खोटं वाटत असेल तर तलकाडला जाऊन विचारा. वर कुणी नाही सांगितलं तर वाळूखाली गाडल्या गेलेल्या देवळांत विचारा.

आमच्या म्हैसुरातल्या मराठी रंगाऱ्यांत हा शेवटचा. जन्मभर पुडीतले रंग उघड्या हातांनी कालवले. एका ज्योतिष्यानं त्याचा तळहात बघितला आणि पैसे परत केले, कारण रेषाच सापडेनात. गेल्या वर्षी लघवीतून लाल गेलं तेव्हाही बायकोला म्हणतो, "भानू, बघ, आतूनसुद्धा पक्का रंग आहे माझा!" भानुमती हसली नाही. तिनं रिक्षा बोलावली.

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. जुन्या पुड्यांतले काही रंग मूत्राशयाला वाईटच, असं डॉक्टर नरसिंहमूर्ती म्हणाले. ऑपरेशन झालं, तरी पोटातल्या गाठींत तो पसरलेलाच. किडन्या थकलेल्या, त्यामुळे नेहमीचं कडक केमो झेपणार नाही. राहिली इम्युनोथेरपी, म्हणजे शरीरातल्या पांढऱ्या पेशींनाच लढायला सोडणारं औषध. पण ते गुंडुरावाला द्यावं की नाही, हे गाठीचा तुकडा तपासून ठरणार होतं.

तपासणार कोण, तर अनुषा. गुंडुरावाच्या धाकट्या भावाची मुलगी, त्याच इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट. ती म्हणाली, "काका, तुमच्या गाठीला आम्ही रंग लावणार. पीडी-एल-वन नावाचं प्रोटीन असेल तिथंच तो रंग धरतो. धरला तर औषधाला चान्स जास्त."

"मग काळजी कसली?" गुंडुराव म्हणाला. "माझा रंग कधी विटलाय?"

रिपोर्टाचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या विजयनगरच्या घरी भानुमतीच्या हातची चिरोटी खात बसलो होतो. आत कुकर शिट्ट्या मारत होता. अनुषा कन्नड शाळेत शिकलेली, तिचं मराठी घरापुरतंच. आनंद झाला की तेवढंही संपतं आणि ती कन्नडवर उतरते. गुंडुरावानं ऐकलं, "हं" म्हणाला आणि फोन उलटा ठेवला.

"विटला."

"काय विटलं?" भानुमती झारा घेऊनच बाहेर आली.

"रंग. 'बण्णा चेन्नागि कंदिदे' म्हणाली. चांगलाच विटला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी इस्पितळात जायचं नाही. विटलेल्या कापडावर कुणी छाप मारत नाही."

"तुम्ही कापड आहात काय हो?" भानुमती ओरडली.

तो उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी मागोमाग गेलो. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतल्या एका लामाला नव्वदाव्या वर्षी तिसऱ्यांदा दात आले, आणि ते किसायला तो रोज एक सागवानी फळी चावतो, ही हकीकत सुरू केली.

"खंडोजी, आज नको रे," गुंडुराव म्हणाला.

उभ्या जन्मात या माणसानं माझी थाप अर्ध्यावर तोडली नव्हती. उलट वर स्वतःची एक चढवायचा.

भानुमतीनं अनुषाला फोन लावला. "तू आत्ताच्या आत्ता ये. फोनवर एक अक्षर बोलू नकोस."

पोरगी स्कूटरवरून आली ती हेल्मेटसकट आत. "काका, स्वीट कुठंय?"

गुंडुराव उठून बसला. "रंग विटल्याचं स्वीट मागतेस?"

"विटल्याचं म्हणजे?" तिनं माझ्याकडे बघितलं. "खंडोजीमामा, विटणं म्हणजे काय?"

"कंदोदु," मी कन्नडात सांगितलं. "रंग उडणं."

अनुषानं कपाळावर हात मारला तो हेल्मेटवर आपटला. "अय्यो देवा! कंदिदे नव्हे काका, कंदु बंदिदे! कंदु रंग आला! ब्राऊन! ब्राऊनला मराठीत काय म्हणतात ते मला कुठं माहीत?"

"तपकिरी," भानुमती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

म्हणजे कुकरच्या शिट्टीनं मधला 'बं' गिळला होता, आणि त्याबरोबर ती माझा मित्रही गिळत होती.

अनुषानं फोनमधला फोटो मोठा केला. निळसर जमिनीवर मधाच्या पोळ्यासारखी तपकिरी घरं, एकाला एक लागून. गुंडुरावानं चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

"रंग काठालाच का बसलाय?"

"प्रोटीन तिथंच असतं. पांढरी पेशी मारायला आली की कॅन्सरची पेशी हेच पुढं करते. हात मिळवल्यासारखं. 'आपलाच माणूस, जा घरी.' ती खुळी परत जाते. औषध तो हात मिळू देत नाही."

मी जन्मभर थापा मारल्या, पण चोर पोलिसाशी हात मिळवतो आणि ही पोरगी त्या चोराच्या हाताला रंग लावून त्याला पकडते, अशी एक सुचली नाही मला.

"आणि मग हमखास बरं?" भानुमतीनं विचारलं.

"नाही काकू. रंग येऊनही काहींना लागू पडत नाही. रंग न येता काहींना पडतं. आला तर आशा जास्त, एवढंच सांगता येतं."

गुंडुरावानं चष्मा काढला. "खरं सांगतेय. गिऱ्हाईकाला एवढं खरं मी कधी सांगितलं नाही." मग भानुमतीला म्हणाला, "सोमवारी माझा इस्त्रीचा शर्ट काढ."

सोमवारी बाटलीतलं औषध बघून तो चिडला. पाण्यासारखं! "याला रंगच नाही, हे काय लढणार?" नर्सबाईंनी त्याची समजूत काढली. मधे औषधानंच अंगाला खाज सुटली, थायरॉईड बिघडलं, त्याची रोजची गोळी मागे लागली. अनुषा प्रत्येक वेळी शेजारी बसून असायची.

उन्हाळ्यात पुन्हा स्कॅन झाला. आम्ही सगळे नरसिंहमूर्तींच्या खोलीत दाटीवाटीनं उभे. डॉक्टरांनी पडदा बघितला, हसले आणि म्हणाले, "गड्डेगळु चिक्कदागिवे."

भानुमतीनं हात जोडले. पण गुंडुराव हलेना. "डॉक्टर, मराठीत सांगा," असा त्यानं कन्नडात हट्ट धरला.

डॉक्टरांनी बावरून अनुषाकडे बघितलं. तिनं हळूच शब्द पुरवले, आणि ते म्हणाले, "गाठी... लहान... झाला."

"झाल्या!" गुंडुराव गरजला. "दोघांनाही येत नाही! गाठी लहान झाल्या!"

"झाल्या," डॉक्टर मुकाट्यानं म्हणाले.

"पुन्हा एकदा म्हणा."

"लहान झाल्या."

"आणखी एकदा."

भानुमतीनं पदरानं डोळे पुसले आणि त्याचा दंड धरला. "पुरे हो आता. बाहेर बाकीचे पेशंट बसलेत."