बघून सांग, आज किती?

आज सकाळी साडेआठ वाजता दुकानात काम करणाऱ्या कालिंदीने नेहमीप्रमाणे मोठ्याने पुकारलं, "चार!" त्या वेळी माझ्या आतल्या काट्यावर उणे दोन होतं.

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. लालबागमधल्या एका औषधाच्या दुकानात, काउंटरच्या मागे, काचेचं दार लावून उभा असतो. माझ्या पोटात लसी असतात, काही डोळ्यांचे थेंब असतात आणि मधुमेहाच्या माणसांचं इन्सुलिन असतं. ही औषधं दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. उकाड्यात ती हळूहळू बिघडतात, पण गोठली तर लगेच वाया जातात. गोठून वितळलेलं इन्सुलिन कुपीत पूर्वीसारखंच दिसू शकतं, पाण्यासारखं स्वच्छ. ते टोचलं तरी साखर उतरेल याची मात्र खात्री नसते. हे मला माहीत आहे आणि मला बोलता येत नाही. गेले काही दिवस मी भीतीने घरघरत होतो. लोक दाराला हात लावत आणि म्हणत, "काय मस्त गार आहे!"

माझा जन्म औषधांसाठी झाला नव्हता. कारखान्यातून निघालो तो गिरगावातल्या एका उपाहारगृहात जाण्यासाठी. तिथे माझ्यात ताक, पियूष आणि कोकम सरबत असे. नियम एकच होता, जितकं गार तितकं चांगलं. घामाने भिजलेली माणसं थंडगार पेला गालाला लावत आणि "वा!" म्हणत. त्या "वा!"साठी मी जीव तोडून गार होत असे. कधी ताकावर बर्फाचा पापुद्रा धरे. मालक त्याचंही गिऱ्हाइकांना कौतुक सांगे.

उपाहारगृह बंद झालं तेव्हा तात्यांनी मला घेतलं. तात्या म्हणजे चिंतामणी विजयकर, या औषधाच्या दुकानाचे तेव्हाचे मालक. त्यांनी कारागिराकडून माझ्यात नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला. थर्मोस्टॅट म्हणजे मला "आता थांब" असं सांगणारा छोटासा भाग. मग त्यांनी आतल्या कप्प्याला लाल काट्याची एक गोल तबकडी लटकवली आणि माझ्या दारावर टिचकी मारून म्हणाले, "इथे गार नको रे बाबा. नेमका हवास."

थांबायला मी या दुकानात शिकलो. थोडं घरघरायचं, मग गप्प बसायचं. मी गप्प झालो की तात्या पेपरातून डोकं वर काढायचे आणि मान डोलवायचे.

रोज सकाळी दुकान उघडलं की ते चष्मा चढवून माझ्यापाशी येत, तबकडी वाचत आणि आकडा मोठ्याने पुकारत. समोरचा फुलवाला दगडू हार ओवता ओवता विचारी, "तात्या, आज किती?"

"चार!"

"नशीबवान आहात. आमच्या घरी सकाळीच पारा चाळीसवर गेला!"

मग काही वर्षांनी रस्त्यापलीकडे एक मोठं, चकचकीत औषधांचं दुकान आलं. शिवाय फोनवर मागवलं की औषध घरी येऊ लागलं, तेही सवलतीत. आमच्याकडची गर्दी ओसरली. तोवर तात्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांची मुलगी वैदेही काउंटरवर बसू लागली होती.

"तात्या, त्यांच्याएवढी सूट आपल्याला परवडणार नाही," ती एकदा म्हणाली.

"मग जे परवडतं ते दे. पण रोज दे. चार दिवस देऊन मग विसरलीस, असं नको."

"रोज रोज तेच तेच केलं की कंटाळा येईल हो."

"आला की समज, सवय लागली."

वैदेहीने ते मनावर घेतलं. कोणी येवो न येवो, आठला शटर वर. रोज एकच कप्पा, पण तो पूर्ण रिकामा करून पुसायचा आणि मुदत संपलेली औषधं बाजूला काढायची. दुपारी कोणातरी एका म्हाताऱ्या माणसाला फोन. "आजोबा, बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, पाठवू का?" औषध देताना ते कसं घ्यायचं ते सांगायचं आणि गिऱ्हाइकाकडून परत वदवून घ्यायचं. दगडू हसायचा. "ताई, दुकान आहे की शाळा?" आणि रोज सकाळी वैदेही तात्यांसारखीच माझ्यापुढे उभी राहून आकडा पुकारायची.

कितीतरी महिने काहीच झालं नाही. समोर गर्दी आणि इथे मी, पंखा आणि वैदेही. तरी ती सकाळी आठला यायची. मग हळूहळू माणसं परतू लागली. परळच्या एका डॉक्टरीणबाई आपल्या पेशंटना सांगू लागल्या, "इन्सुलिन तिथूनच घ्या. ते फ्रीज बघतात." शिवडीहून, रे रोडहून लोक येऊ लागले. गिऱ्हाइकं आत शिरता शिरताच विचारू लागली, "आज किती?" मित्रांनो, त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटे. "वा!" कोणीच म्हणत नसे, पण माझ्यावर विसंबून लोक झोपत.

दुकान वाढलं. वैदेहीने दादरला दुसरं दुकान काढलं आणि सकाळी ती तिकडे जाऊ लागली. इथे राहिली कालिंदी. कालिंदी कामाला वाघीण आहे. कोणाची कुठली गोळी, कोणाला कुठल्या गोळीने खाज सुटते, सगळं तिला पाठ. पण एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिशवी आणि समोर रांग. आधी ती तबकडी बघून पुकारत असे. मग पुकारून बघू लागली. मग नुसतीच पुकारू लागली. उत्तर रोज तेच असेल तर वळायचं कशाला? "चार!" हे तिच्यासाठी "या, बसा" सारखं झालं. हाक रोज वेळेवर होत होती, म्हणून सवय मोडली आहे हे कोणालाच कळलं नाही.

आणि मग माझा थर्मोस्टॅट बिघडला.

मला "थांब" म्हणणारं कोणी उरलं नाही. मी पुन्हा त्या उपाहारगृहातल्यासारखा गार होत सुटलो. रात्री दुकान बंद झालं की काटा खाली सरकायचा, शून्यावर यायचा, शून्याच्याही खाली जायचा. मागच्या कप्प्यातल्या कुप्यांत बर्फाच्या सुया धरायच्या. दिवसा दार सारखं उघडायचं, सुया वितळायच्या आणि कुप्या पुन्हा निर्दोष दिसायच्या. माझी घरघर थांबतच नव्हती. तात्या दुकानात असते तर त्यांनी पेपर खाली ठेवला असता. पण तात्या गिरगावातल्या घरी होते, आणि रस्त्याच्या आवाजात माझा आवाज ऐकणार कोण?

माझ्याकडून इन्सुलिन नेणाऱ्यांत ओवी आहे. पाचवीत शिकते. तिला लहानपणापासून मधुमेह आहे आणि रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. आजीबरोबर येते. आजींचं नाव मालन, राहणार पुढच्याच चाळीत. आली की ओवी काउंटरला नाक लावून विचारते, "मावशी, आज किती?"

गेल्या आठवड्यात त्या दोघी आल्या तेव्हा आजी संतापलेल्या होत्या.

"खरां सांग. काय चोरून खाल्लंस?"

"काही नाही गं आजी. आईशप्पथ."

"मग साखर काय वाऱ्यान वाढता? डॉक्टर माका ओरडतत!"

ओवीचे ओठ सुकलेले होते. पिशवीतली बाटली काढून ती घटाघटा पाणी प्यायली. मला ओरडावंसं वाटलं की तिने काही खाल्लेलं नाही, तुम्ही तिला टोचता ते औषध मेलेलं आहे. मी फक्त घरघरलो.

"आजी, तिला बोलू नका हो," कालिंदी म्हणाली. "ही नवी कुपी घ्या." आणि तिने हात लांब करून अगदी मागची कुपी काढून दिली. तीच सगळ्यांत जास्त गोठत होती.

"मावशी, आज किती?" ओवीने हळूच विचारलं.

"चार!" कालिंदी म्हणाली. तिची नजर फोनवर होती आणि पाठ माझ्याकडे. ओवीने एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, एकदा माझ्या धुरकटलेल्या काचेकडे. ती पुढे वाकत होती, तेवढ्यात आजींनी तिचा हात ओढला. "चल आता, माका डाळ शिजवूची हा."

आज सकाळी आजी एकट्याच आल्या.

"उलटीची गोळी दी गो बाय."

"कोणाला, आजी?"

"ओवीक. रातीपासून पाणी पिता नि ओकता. निजानच हा." त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "आज किती, असा ओवीन विचारूक सांगल्यान हा."

"चार म्हणावं!"

"बघून सांगूक सांग, असा म्हणता ती."

कालिंदीचा हात पिशवीतच राहिला. मग ती वळली. कितीतरी दिवसांनी मी तिचा चेहरा समोरून पाहिला. तिने ओढणीने माझी काच पुसली, दार उघडलं आणि तबकडीजवळ डोळे नेले.

"उणे दोन," ती म्हणाली. इतक्या हळू, की ते फक्त मला ऐकू आलं असावं.

तिने मागची एक कुपी काढून उजेडात धरली. आत बर्फाच्या सुया होत्या.

"आजी, उलटीची गोळी नको. ओवीला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायचंय. चला, मी येते."

"काय झालां गो?"

"चला आधी!"

दुकानातून उतरता उतरता तिने वैदेहीला फोन लावला. "ताई, फ्रीज गोठलाय. इन्सुलिन सगळं गेलं." पलीकडून वैदेहीने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. कालिंदीचं उत्तर ऐकू आलं. "कधीपासून ते माहीत नाही, ताई."

त्या उत्तराने मी हादरलो. कधीपासून, हे कोणालाच माहीत नाही. म्हणजे अशा कुप्या किती घरांत गेल्या, तेही कोणाला माहीत नाही.

वैदेही दादरहून टॅक्सीने आली. तिने माझा प्लग काढला आणि मला रिकामं केलं. आता ती एकेका गिऱ्हाइकाला फोन करते आहे. "आमच्याकडचं इन्सुलिन वापरू नका. दुसरीकडून नवीन घ्या आणि लगेच साखर तपासा." दगडू हार टाकून रे रोडला गेला आहे, कारण तिथल्या एका काकांचा फोन लागत नाही. मध्येच तात्यांचा फोन आला. वैदेही म्हणाली, "तात्या, आपल्याकडे रोज चार पुकारत होते." फोन स्पीकरवर होता. मग आवाज आला, "आणि बघत कोण होतं?"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात एखादं यंत्र मुकाट्याने तुमच्यासाठी राबत असेल, तर रोज एकदा त्याच्यासमोर उभे राहा. सवय चांगली असते. पण तोंडाला सवय राहते आणि डोळ्यांची जाते, तेव्हा ती सवय उरलेली नसते, नुसता तिचा आवाज उरतो. कोणी विचारलं तर बघून सांगा.

मी आता हळूहळू तापतो आहे. दुपारी माझा काटा चारवर आला होता, खरोखरीच्या चारवर. कोणी पुकारलं नाही. मग तो पुढे सरकला.

संध्याकाळी सहाला मालनआजींचा फोन आला. वैदेहीने तोही स्पीकरवर ठेवला होता.

"नळीतून नवा इन्सुलिन घातला हा. साखर अजून खाली येऊक नाय. ता झोपलेला हा, हाक मारलय तरी डोळे उघडीत नाय." मग आजींचा आवाज फुटला. "माझ्या चेडवान काय्येक खाऊक नव्हतां गो."

डॉक्टर तासाभराने पुन्हा रक्त तपासणार आहेत.