ना हरकत

"ना. हरकत." सरपंच शेषरावानं कागदावरचे दोन शब्द तोडून, मधात दम घेऊन वाचले. "म्हंजे काय? आपली ना हाये, आपली हरकत हाये. शाळा बंद करू देत नाई आपुन. समजलं? करा आता सह्या पटापट."

शाळेच्या ओसरीत जमलेल्या बाया कापसाचं शेत सोडून आल्या होत्या. वेचणीच्या ओट्या अजून कमरेलाच होत्या. धामणवाडीच्या शाळेचा पट अठरा. वीसच्या आत पट असला तर शिक्षकाचा पगार परवडत नाही, पोरांनी चार किलोमीटरवरच्या शाळेत जावं, असं शिक्षण खात्याचे साहेब सकाळीच सांगून गेले होते. मधात नाला, अन् पावसाळ्यात त्याला कमरेएवढं पाणी.

झुंबरबाई शाळेत खिचडी शिजवायची. तिची नात काजल चौथीत होती. तेवढ्या दूर पोरीला धाडणार कोण? अन् नाही धाडली, तर तिच्या हाती खुरपं येणार, हे झुंबरबाईला कोणी सांगायला नको होतं. तिनं सगळ्यांच्या आधी सही केली. रागानं इतका जोर लावला, की पेन कागदातून आरपार गेलं.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. गुरुजींची बदली झाली. दाराला कुलूप लावताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "काकू, ना हरकत म्हणजे काहीच हरकत नाही. तुम्ही बंद करायला लेखी परवानगी दिली. मी त्या दिवशी प्रशिक्षणाला होतो."

झुंबरबाई तडक शेषरावाच्या घरी गेली. शाळेच्या भिंतीला लागूनच त्याचा गोठा होता, अन् गोठ्याला जागा कमी पडत होती. त्याचा नातू ऋत्विक पिवळ्या बसनं खामगावच्या इंग्रजी शाळेत जायचा.

"भाऊजी, फसवलं तुमी आमाले!"

"काऊन फसवीन वं? सरकारची तिजोरी खाली हाये. अठरा पोट्ट्यांसाठी एक मास्तर पोसावा काय त्यानं?"

"तुमच्या वावरापर्यंत डांबर टाकलं, तवा भरली होती काय तिजोरी? रोग म्हशीले अन् इंजेक्शन पखालीले!"

"तोंड सांभाळ. सही तू केली. कोनं हात धरला होता तुहा?"

"अक्षर वाचता येते मले. कावा वाचता येत नाई, थे चुकलं माह्यं."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला अठरा पोरं शेषरावाच्या ओट्यावर दप्तरं घेऊन बसली. प्रार्थना झाली, मग पाढे. बेंबीच्या देठापासून. पहिल्या दिवशी सरपंचाच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, पोरांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं कानात कापूस घातला.

"पोलिसाले बलावतो!" शेषराव गरजला.

"बलावा," झुंबरबाई पायरीवरून म्हणाली. "लिहून द्या, का पोट्टे पाढे म्हणून राह्यले."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेषराव आतल्या खोलीत येरझारा घालत होता. बाहेर अठरा गळे एकदम सुटले होते.

"तेरा साते ब्याण्णव!"

त्यानं दात खाल्ले. पुन्हा, "तेरा साते ब्याण्णव!" चौथ्यांदा मात्र त्याच्यानं राहवलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा भिरकावून तो बाहेर आला.

"एक्याण्णव बे, एक्याण्णव! कोनं शिकवलं तुमाले?"

काजल उभी राहिली.

"कोनीच नाई शिकवत, आबा."

समोरच्या पारावर बसलेली माणसं खदखदून हसली. शेषरावाचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"घ्या! सरकारले फुकटचा मास्तर भेटला," झुंबरबाई म्हणाली. "सांजेपर्यंत शिकवा, भाऊजी. नाई त साहेबाले अर्ज लिहा, का ठराव खोटा वाचून सह्या घेतल्या, शाळा पुन्हा उघडा."

"साहेब आयकीन काय त्या अर्जानं?"

"नाई आयकला, त दुसऱ्या दिवशी त्याचा ओटा हाये."

शेषराव पारावरच्या माणसांकडे पाहत राहिला. आता तिथं कोणी हसत नव्हतं, अन् त्याच्या बाजूनं कोणी उठतही नव्हतं. त्यानं आतून कागद आणला, मांडीवर घेतला अन् पेनाचं टोपण काढलं.

झुंबरबाई पोरांकडे वळली.

"अर्ज लिहून व्हते तवरिक चौदाचा घ्या रे. मोठ्यानं."