हनुवटीने ऐकलेलं गाणं

"ताई, इराला मागून हाक मारली तर ती वळत नाही. एकदा कान दाखवून घ्याल का?"

बालवाडीच्या स्वप्नालीबाई आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. एका संध्याकाळी दारातच उभं राहून त्या इराच्या आईला, सुरुचीला, हे म्हणाल्या. सुरुची हसली. "अहो, खेळात असते ती. तंद्री लागते तिची." दार बंद झालं आणि विषयही. मित्रांनो, मी तेव्हा कपाट आणि भिंत यांच्या फटीत उभी होते. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि या घरातलं सगळं माझ्या कानावर येतं.

सुरुची निष्काळजी आहे असं मात्र समजू नका. गॅस बंद केला का हे ती दोनदा बघते. इरा जरा शिंकली की लगेच कपाळाला हात लावते. त्यावरून तिच्या सासूबाई, कुमुदिनीआजी, तिला चिडवतात, "हिच्या घरात माशी शिंकली तरी डॉक्टर!" त्या चिडवण्याला कंटाळूनच सुरुचीने ठरवलं होतं, की आता उगाच घाबरायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच घाबरायला हवं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण उल्हासनगरच्या एका दुकानाची. इराचा बाबा वरद तेव्हा कॉलेजात होता. दुकानातले सिंधी शेठ त्याला म्हणाले, "देख बेटा, ये बिजलीवाली है. प्लग निकाला तो गूंगी."

"गूंगी कायको रखेगा शेठ इसको?" वरद म्हणाला आणि मला खांद्याला लावून निघाला.

काही वर्षं त्याने शब्द पाळला. अंबरनाथच्या गॅदरिंगमध्ये मी अशी गरजले, की मागच्या रांगेतली पोरं बाकांवर चढली! मग त्याला कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, बदलापूरला हेंद्रेपाड्यात हे घर झालं, इरा आली. मी कपाटामागे गेले. माझी एक तार तुटली. माझ्या खुंट्यांवर इराचे मोजे वाळत पडू लागले. राग येत नव्हता मला. मोजे फारच इवले होते.

इराला तीन वर्षं पूर्ण झाली, तरी ती पाच-सातच शब्द बोले. "वरदपण उशिराच बोलला," आजी म्हणत. पण गाण्यांनी मुलं लवकर बोलू लागतात, असं सुरुचीने कुठेतरी वाचलं होतं. कॉलेजात ती चार कॉर्ड शिकली होती. एका रविवारी तिने मला बाहेर ओढलं.

"वरद, हिच्यातून साध्या लाकडी गिटारसारखा आवाज काढून दे ना. मला बडबडगीतं म्हणायचीत, शो नाही करायचा."

"अगं, ही भरीव आहे. हिला पोटच नाही. आवाज घुमणार कुठे?"

"प्रयत्न तर कर. इंजिनिअर ना तू?"

मग वरद कामाला लागला. त्याने नव्या तारा चढवल्या. अँपवरची, म्हणजे माझा आवाज मोठा करणाऱ्या पेटीवरची, खरखर आणणारी कळ शून्यावर नेली. माझ्या अंगावरचा खटका तारांची थरथर टिपणाऱ्या, मानेजवळच्या पिकअपवर टाकला, कारण तिथे आवाज गोल येतो. खर्ज थोडा उतरवला, वरची चमक जराशी वाढवली. शेवटी, मोकळ्या खोलीत वाजतंय असं वाटावं, म्हणून चिमूटभर घुमारा सोडला. "आता पिक नको, बोटांनी छेड," तो म्हणाला.

अगदी लाकडी नाही, पण लाकडी गिटारची चुलत बहीण शोभेन असा माझा आवाज निघाला. मीच चकित झाले.

सुरुची गाऊ लागली. इरा पाठमोरी बसून ठोकळे रचत होती. ती वळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही.

"हिला माझा आवाज आवडतच नाही बहुतेक," सुरुची हळूच म्हणाली. मी शेजाऱ्यांच्या पुष्कळ शिव्या ऐकल्यात, मित्रांनो. त्यातली एकही इतकी लागली नव्हती.

मग एका शुक्रवारी दुपारी लाइट गेली. अँप गप्प झाला. सुरुचीने हात थांबवला नाही. माझा आवाज आता डब्यातल्या डासासारखा बारीक येत होता. तेवढ्यात इरा उठून आली, आईच्या गुडघ्याला रेलली आणि सहज तिने हनुवटी माझ्या कोपऱ्यावर टेकली.

ती दचकली. डोळे विस्फारले.

"आई, गाणं!"

सुरुची एका हाताने मोकळ्या तारा छेडत राहिली. दुसऱ्या हाताने तिने इराची हनुवटी अलगद उचलली.

"गेलं," इरा म्हणाली.

हनुवटी पुन्हा टेकवली.

"आलं!"

सुरुचीने सासूबाईंना हाक मारली. "आई! इराला ऐकूच येत नाहीये हो!" ती ओरडली. कुमुदिनीआजी स्वयंपाकघरातून धावत आल्या. या वेळी त्यांनी चिडवलं नाही. "चल, मी रिक्षा थांबवते. तू हिला घे," एवढंच म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी त्या घरी परतल्यावर ऐकलं. सारख्या सर्दीने इराच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. हवेतून येणारा आवाज तिथेच अडत होता. हाडातून गेलेला मात्र पोचत होता, कारण आतला कान ठणठणीत होता. माझं भरीव अंग, ज्याची मला आयुष्यभर लाज वाटली, तेच थरथरून तिच्या हाडापर्यंत पोचलं होतं.

औषधं झाली, काही महिने वाट पाहून झाली, आणि शेवटी एका छोट्या शस्त्रक्रियेने ते पाणी काढलं. घरी आल्यावर इराने पहिली तक्रार केली, "पंखा ओरडतो." आता तिची बडबड थांबत नाही. "घरात कुजबुजायची सोय राहिली नाही," आजी म्हणतात आणि पदराने डोळे टिपतात.

मी आता हॉलच्या भिंतीवर असते. सुरुची मला मऊ फडक्याने पुसते. तुमच्याही घरी कपाटामागे कुणी उभं असेल, तर धूळ झटकून एकदा बोट फिरवून बघा.

पण सुरुचीचा निरोप वेगळा आहे. तुमच्या वर्गात कुणीतरी असेल, विनोदावर सगळे हसून झाले की मग हसणारं. कुणीतरी असेल, बाईंच्या ओठांकडे टक लावून बघणारं. आपण त्याला शिष्ट म्हणतो, वेंधळं म्हणतो आणि डबा खायला निघून जातो. उद्या त्याच्यासमोर बसा. "तुला नीट ऐकू येतं ना रे?" एवढं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.