ताईच्या तळघरातलं चीज

चीज करायचं इकडे आणि मुरवायचं सीमेपलीकडे, ताईच्या तळघरात, हा उद्योग काही कुणा शहाण्याने आखलेला नव्हता. ताईचं लग्न पलीकडे झालं, तिच्या सासरच्या दुकानाखाली थंडगार दगडी तळघर निघालं, आणि तिच्या पाठच्या धाकट्या भावाने, धाकट्यानेच, गंमत म्हणून आपल्या हातच्या चीजचं एक चाक तिथे नेऊन ठेवलं. चाक म्हणजे गोल, जड, दोन्ही हातांनी उचलायचं. त्या धंद्यात चाकच म्हणतात. हिवाळ्यानंतर ते कापलं, तर भावोजी एक घास खाऊन गप्पच बसले. आणि भावोजी गप्प बसणं ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती.

तेव्हापासून धाकटा दर महिन्याला कोवळी चाकं घेऊन जायचा आणि मुरलेली घेऊन यायचा. नाका म्हणजे काय, तर रस्त्यावर एक आडवा दांडा. तिथला शिपाई चीजचा तुकडा तोंडात टाकायचा, "ताईंना सांगा, मागचं जरा खारट होतं," म्हणायचा आणि दांडा वर करायचा. काय दिवस होते हो ते! ताईच्या हातचं जेवण, भावोजींच्या थापा, आणि निघताना ताईने काढलेली खोडी ठरलेली, "पोट बघ किती सुटलंय. आरसा आहे ना घरी?" भावोजी गेले, धाकट्याचे केस पिकले, पण त्याला धाकट्या म्हणणारं माणूस जगात अजून एक होतं, हे त्याला फार होतं.

मग दोन्ही सरकारांना एकाच वेळी अक्कल सुचली. पलीकडच्यांनी आपल्या गवळ्यांना सांभाळायचं म्हणून बाहेरच्या चीजवर कोटा घातला. वर्षाला इतकंच येऊ द्यायचं, त्यापुढे जबर कर. अलीकडच्यांनी लगेच उट्टं काढलं आणि तस्साच कोटा घातला. मोठ्या कंपन्यांचे ट्रक वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही कोटे गिळून बसायचे. राहिला धाकटा. त्याचं तेच चीज जाताना तिकडची आयात, येताना इकडची आयात. आपल्याच घरात शिरायला दोनदा कर!

त्यात नवीन अधिकाऱ्याने चाकं तोलली. जाताना जेवढं वजन होतं, तेवढं परतताना भरेना.

"उरलेलं कुठे विकलंत?" त्याने विचारलं.

"मुरताना सुकतं, साहेब. हवेत जातं."

"हवेत," अधिकारी म्हणाला आणि तसंच लिहून घेतलं. धाकट्याने कपाळाला हात लावला.

शेवटी मुलाने घरीच थंड खोली बांधून दिली. चकचकीत, पोलादी मांडण्यांची. तळघरासारखीच थंडी, तळघरासारखाच ओलावा. त्यातलं पहिलं चाक कापलं, तर चव अगदी मेलेली. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलली नाहीत, पण पुन्हा फिरकलीही नाहीत. इकडे ताईकडचं शेवटचं चाक परत येऊन संपलं होतं. पुढे पाठवणं परवडणार नाही, हे तिला सांगायला हवं होतं. फोनवर धाकट्याला ते जमेना. तो रिकामी गाडी घेऊन निघाला.

ताई दुकानामागच्या अंगणात पदर खोचून बसली होती. तळघरातल्या लाकडी फळ्या तिने भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या आणि एकेक फळी नुसत्या मिठाच्या पाण्याने पुसत होती.

"ताई, अगं, मला जरा बोलायचंय."

"काही बोलू नकोस. बातम्या मीही ऐकते." तिने मान वर केली नाही. "आणि खोलीचं तुझ्या मुलाने सांगितलं. तिच्यात बसवलंस काय? पोलाद. अरे, चीज थंडीने मुरतं असं वाटलं होय तुला? इतक्या वर्षांत एवढंच शिकलास? चव या लाकडात आहे, यात जगणाऱ्या बुरशीत. म्हणून मी या फळ्यांना कधी साबण लावू दिला नाही. भर गाडीत."

"आणि नाका?"

"विचारून आले. लाकडाला कोटा नाही."

धाकट्याला हसू आलं. दोघांनी मिळून फळ्या गाडीत चढवल्या. मग तो तळघरात उतरला. भिंती उघड्या पडल्या होत्या, आणि आपण ताईचं तळघर लुटून निघालो आहोत असं वाटून त्याला भडभडून आलं. कोपऱ्यात एक फळी तेवढी राहिली होती. ती उचलायला तो वाकला.

"ती राहू दे," मागून ताई म्हणाली.

"का गं? चांगली तर आहे."

ताई जिन्यावरच थांबली होती. भांडखोर बाई, पण आवाज एवढासा झाला होता. "सगळ्या आजच नेल्यास, तर पुढच्या महिन्यात कशाला येशील?"

धाकटा तिच्या बाजूने वर गेला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि मघाशी चढवलेल्या फळ्या उतरवायला लागला.

"अरे, हे काय चाललंय?"

"पाठ धरलीय माझी," धाकटा म्हणाला. "एका खेपेला एकच नेईन."