सहाव्याची जागा

"बावीस," मी चौथ्यांदा म्हणालो आणि साहेबांनी चौथ्यांदा नकारार्थी मान हलवली. अवजारांच्या पेटीत तेवीस खाचा असतात, त्यातली छोट्या स्क्रूड्रायव्हरची रिकामी होती. आम्हा मेकॅनिक लोकांचा नियमच आहे: एक अवजार कमी भरलं, की ते विमानात राहिलेलं नाही हे सिद्ध होईपर्यंत विमान जमिनीवर.

महिनाभर रक्त आटवून सज्ज केलेलं माझं विमान. आजच्या हवाई कसरतींत आई पहिल्यांदाच ते उडताना बघायला आली होती, आणि मी त्याच्या पोटाची झाकणं उघडून टॉर्च मारत बसलो होतो. बाहेर पाच विमानं समुद्रावरून गरजत गेली, सहाव्याची जागा मोकळी ठेवून. गर्दीनं टाळ्या पिटल्या. टाळ्या कसल्या पिटताय, लेको, मोजता येत नाही का?

कार्यक्रम संपल्यावर आई कुंपणापाशी आली. तिनं चष्म्याची डबी उघडली आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातावर ठेवला.

"सकाळी माझ्या चष्म्याची काडी आवळून दिलीस ना, तेव्हा हा डबीतच राहिला बघ. पण चष्मा झकास बसलाय हो, सगळं लख्ख दिसलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझंच विमान तेवढं कुठं दिसलं नाही रे."