फूटभर आत

मित्रांनो, मी घरे बांधून विकणाऱ्या एका कचेरीतला, नकाशे काढणारा जुना संगणक आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला खरे वळण लावले ते ताईंनी. ताई आमच्या कचेरीत नकाशे आखत. बाई असल्या तरी परगावचे ठेकेदार फोनवर विचारत, "ड्राफ्ट्समन आहेत का?" आणि ताई म्हणत, "तोच बोलतोय."

त्यांनी मला सर्वांत जास्त राबवले ते 'ऑफसेट' या आज्ञेसाठी. आधी अंतर सांगायचे, मग रेष निवडायची आणि जिकडे हवी तिकडे टिचकी मारायची. तेवढ्याच अंतरावर हुबेहूब दुसरी रेष उमटते. एका रेषेची भिंत होते, भिंतींची खोली होते. रेष आत हवी की बाहेर, हे मात्र टिचकी मारणाऱ्याने ठरवायचे असते. "ताईंची रेष म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" असे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

एका दुपारी तेच साहेब ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"जिन्याची भिंत फूटभर आत घ्या. तेवढीच घरं मोठी होतील."

"साहेब, जिना अरुंद होईल. वळणावर कपाटसुद्धा वळायचं नाही."

"कपाट लोक सुटं करून नेतात. आणि लिफ्ट आहे की! टाका अंतर."

"पण मंजुरी?"

"ती मी बघतो."

ताईंनी हात मांडीवर ठेवले. साहेब जागचे हलले नाहीत. अखेर ताईंनी अंतर टाकले, रेष निवडली आणि आतल्या बाजूला टिचकी मारली. जुनी रेष पुसून टाकली. मला क्षणही लागला नाही.

इमारत उभी राहिली. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या ताईंनी तिथेच चौथ्या मजल्यावर घर घेतले. कचेरीतल्या माणसांना साहेबांनी दर थोडा कमी लावला होता. ताई आणि त्यांचे वडील, म्हणजे आप्पा, तिथे राहायला गेले. आप्पांना गॅलरी फार आवडली, असे ताई सांगत.

मग ताई बरेच दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा साहेब म्हणाले, "फार वाईट झालं. एकदम कसं काय?"

ताई उभ्या उभ्याच बोलल्या. "सकाळी छातीत कळ आली. लिफ्ट बंद होती. माणसं स्ट्रेचर घेऊन आली, पण खाली नेताना ते वळणावर अडकलं. तिरकं केलं, उभं केलं. शेवटी आप्पांना चादरीत घेतलं. माझा भाऊ खालच्या बाजूने चादर धरून ओरडत होता, 'हळू, हळू!' तिसऱ्या मजल्यावर आप्पांनी घट्ट धरलेला माझा हात सुटला."

"वय झालं होतं हो, ताई. वेळेत पोचले असते तरी..."

"वाचले असते की नसते, ते आता कुणाला विचारू?"

साहेब आत निघून गेले. ताईंनी मला सुरू केले, जिन्याचा नकाशा उघडला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजले. पुन्हा मोजले. पुन्हा मोजले. दर वेळी मी तोच आकडा दाखवला. दुसरा कुठून दाखवणार?

काही दिवसांनी नव्या इमारतीचे काम आले. "जिना तोच चिकटवा," साहेब म्हणाले.

"नाही."

"काढणारे पुष्कळ मिळतील."

"मिळतील. माझ्या हातून नाही होणार."

त्यांनी चष्मा आणि डबा पिशवीत टाकला आणि त्या गेल्या.

नवा माणूस आला, त्याच्यासाठी नवा संगणक आला. जेवणाच्या सुट्टीआधीच जिना चिकटवून झाला. मला कोपऱ्यात सरकवले. आता कुणाला काही छापायचे असेल तरच माझी आठवण होते. पंख्यात धूळ बसली आहे, त्यामुळे मी घरघरतो.

ती इमारतही आता तयार झाली आहे. परवा साहेब फोनवर सांगत होते, "अहो, ती बाई फाटकाशी उभी असते! घर बघायला येणाऱ्यांना म्हणते, आधी जिन्याच्या वळणावर चौघं मिळून एक खाट फिरवून बघा." मग ते हसले. "कोण ऐकतंय? हो हो म्हणतात आणि लिफ्टनं वर जातात."

मित्रांनो, माझी धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. पण कुठल्या फाटकाशी अशी एखादी बाई उभी दिसली, तर हसून पुढे जाऊ नका. तिच्याबरोबर जिना चढा.